कारकीर्द आणि संसार यांविषयी सर्वांत मोकळेपणाने कोणती जुनी मराठी अभिनेत्री बोलली आहे?

माझ्या मते हंसा वाडकर. 'संत सखू' (१९४१) आणि 'लोकशाहीर राम जोशी' (१९४७) या चित्रपटांच्या या नायिकेचे आत्मकथन आधी 'माणूस' या नियतकालिकात आले आणि पुढे 'सांगत्ये ऐका' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. लग्नानंतर चित्रपट सोडून घर सांभाळावे ही त्यांची इच्छा होती, परंतु घर त्यांच्याच कमाईवर चालत असल्याने ती पुरी झाली नाही. आणि हे सांगताना त्या पतीचा संशय जितक्या स्पष्टपणे मांडतात, तितक्याच स्पष्टपणे स्वतःचे मद्यपानही मांडतात. त्या काळी एका स्त्रीने इतके निर्भीड बोलावे, याचे मोल मला फार वाटते. १९७७ चा 'भूमिका' हा चित्रपट याच आत्मकथनावर आधारलेला असला, तरी आधी पुस्तक वाचावे.