वॉरमधली फाइल वेगळी, दुकानातली वेगळी

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी जावामध्ये वेब ॲप केलंय. हमाली-तोलाईचे दर आणि मालाच्या जातींची नावं एका प्रॉपर्टीज फाइलमध्ये आहेत. घरी एक्लिप्समध्ये झक्कास चालतं, पण दुकानातल्या सर्व्हरवर टॉमकॅटमध्ये (जावाची वेब ॲप चालवणारा प्रोग्राम) वॉर (WAR, म्हणजे सगळं ॲप एकत्र बांधलेली फाइल) टाकली की फाइल नॉट फाउंड येतंय. आणि घरीसुद्धा पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबावर, ‘राजापुरी’ या हळदीच्या जातीच्या नावाजागी भलतीच अक्षरं उमटतात. काय चुकतंय?

उत्तर : दादा, तुम्ही बहुतेक कोडमध्ये न्यू फाइल (new File) करून नुसतं फाइलचं नाव दिलंय. जावा मग ती फाइल प्रोग्राम ज्या फोल्डरमधनं चालू झाला तिथं शोधतं, एक्लिप्समध्ये तो तुमचा प्रोजेक्ट फोल्डर असतो म्हणून सापडते, टॉमकॅट मात्र भलत्याच फोल्डरमधनं चालू होतो. वॉरमधली फाइल क्लासपाथवरनंच (जावा ॲपचे क्लास आणि फाइली जिथनं उचलतं ती जागा) वाचायची, म्हणजे मेवन (प्रोजेक्ट बांधून वॉर बनवणारं टूल) असेल तर एसआरसी-मेन-रिसोर्सेसमध्ये ठेवायची आणि गेट रिसोर्स ॲज स्ट्रीम (getResourceAsStream) या मेथडनं उघडायची. क्लासवर ही मेथड बोलवली तर नावाआधी स्लॅश द्या, क्लासलोडरवर बोलवली तर देऊ नका, इथंच लय जण अडकतात, कारण चुकलं तरी एरर येत नाही, गुपचूप नल (null, म्हणजे काहीच नाही) मिळतं. फाइलचा डिस्कवरचा पाथ देणाऱ्या गेट रियल पाथच्या (getRealPath) नादाला लागू नका, वॉर न उलगडता चालवली की तेही नल देतं.

पण मला विचाराल तर तुमचे दर वॉरमध्ये नकोतच. हमाली बदलली की दुकानवाल्यानं तुम्हाला फोन करायचा, तुम्ही नवीन वॉर करून द्यायची, हे कशाला? जातींची नावं आत राहू द्या, दरांची फाइल बाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. टॉमकॅटच्या वेबॲप्समध्ये ठेवू नका, नवीन वॉर टाकली की तिथला जुना उलगडलेला फोल्डर पुसला जातो. बाहेरच्या फाइलचा पूर्ण पाथ टॉमकॅट चालू करताना सिस्टिम प्रॉपर्टी (जावा चालू करताना बाहेरनं दिलेली सेटिंग) म्हणून द्या, कोडमध्ये लिहू नका, म्हणजे घरी आणि दुकानात एकच वॉर चालेल.

‘राजापुरी’चं कारण निराळं आहे. प्रॉपर्टीजच्या लोड मेथडला इनपुट स्ट्रीम दिली की ती फाइल आयएसओ ८८५९-१ हे अक्षरांचं एन्कोडिंग धरून वाचते, त्यात देवनागरी नाहीच. इनपुट स्ट्रीम रीडरमध्ये यूटीएफ-८ सांगून तो रीडर लोडला द्या, आणि फाइल सेव्ह करतानाही यूटीएफ-८च ठेवा.

आणि दर फक्त सुरुवातीला एकदाच वाचून ठेवू नका, प्रत्येक पट्टी करताना वाचा, फाइल एवढीशी आहे, काही फरक पडत नाही. सौदे चालू असताना शेतकऱ्याला पट्टीसाठी थांबवून टॉमकॅट रिस्टार्ट करायची पाळी यायला नको.