थांब्यावरचे प्रश्न, डेपोतली उत्तरं

शहर बससेवेच्या प्रमुखाच्या हातात नेमकं असतं काय, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. बहुतेक पत्रं पुण्यातली, त्यामुळे दाखलेही पीएमपीचेच, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेचेच जास्त.

प्रश्न: भाडेवाढ झाली की सगळे पीएमपीच्या अध्यक्षांवर तुटून पडतात. भाडं खरंच ते ठरवतात का?

ते प्रस्ताव मांडतात. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून 2007 साली पीएमपीएमएल, म्हणजेच पीएमपी, ही कंपनी झाली. तिच्या प्रमुखाचं पद अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक असं आहे आणि तिथे बहुधा सनदी अधिकारी येतो. भाड्याचा प्रस्ताव आधी संचालक मंडळापुढे आणि मग प्रादेशिक परिवहन प्राधिकरणापुढे जातो. दोन्हीकडून होकार आला तरच तिकीट बदलतं. जून 2025 मध्ये किमान तिकीट 5 रुपयांवरून 10 झालं, ते असंच. मुंबईत बेस्टचे महाव्यवस्थापकही एकटे भाडं वाढवू शकत नाहीत. तिथेही त्याच वर्षी मे महिन्यात साध्या बसचं किमान तिकीट 5 वरून 10 आणि वातानुकूलितचं 6 वरून 12 रुपये झालं.

रस्ता महापालिकेचा आणि सिग्नल पोलिसांचा. तूट भरायचे पैसे पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिकांनी 60:40 प्रमाणात द्यायचे. मग साहेबांच्या हातात उरतं काय? पहाटे डेपोतून किती गाड्या वेळेवर सुटल्या आणि दिवसभर त्यांच्यात अंतर किती राहिलं, हे. त्यांना जाब विचारायचा तो याचा.

प्रश्न: पाटीवर ‘दर 10 मिनिटांनी’ असं लिहिलेलं. प्रत्यक्षात पाऊण तास काही नाही, मग एकाच नंबरच्या तीन गाड्या एकामागोमाग. ड्रायव्हर मुद्दाम करतात का?

क्वचित. बहुतेकदा दोष वेळापत्रकाचा असतो, आणि वेळापत्रक हे प्रमुखाचं काम.

समजा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला 50 मिनिटं लागतात आणि दोन्हीकडे 10-10 मिनिटांचा थांबा आहे. पूर्ण फेरी 120 मिनिटांची झाली. दर 10 मिनिटांनी बस हवी तर 120 भागिले 10, म्हणजे 12 गाड्या. आता मेट्रोच्या कामामुळे किंवा खोदकामामुळे तेच अंतर 65 मिनिटांवर गेलं, पण कागदावर 50 च राहिलं. खरी फेरी 150 मिनिटांची झाली, म्हणजे 12 गाड्यांत साडेबारा मिनिटांपेक्षा कमी अंतर राखताच येणार नाही. कंट्रोलर कागदाकडे बघून उशीर भरून काढायला सांगतो, टोकाचा थांबा कापला जातो, ड्रायव्हरला चहाला उतरायची सवड मिळत नाही आणि संध्याकाळच्या फेऱ्या रद्द होतात.

तीन गाड्या चिकटतात त्या अशा. बारापैकी एक गाडी बंद पडली की तिच्या जागी 20 मिनिटांचं भगदाड पडतं. मागून येणाऱ्या गाडीला प्रत्येक थांब्यावर दुप्पट माणसं मिळतात. चढउतारीला वेळ जातो आणि ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या गाडीला मात्र थांबे रिकामे मिळतात, म्हणून ती पुढच्या गाडीला येऊन चिकटते. वास्तविक उरलेल्या 11 गाड्यांत 120 मिनिटं वाटली तर अंतर जेमतेम 11 मिनिटं होतं, प्रवाशाला कळतसुद्धा नाही. त्यासाठी मधल्या एखाद्या थांब्यावर पुढच्या गाड्या दोन-तीन मिनिटं रोखून धराव्या लागतात. गाडीत बसलेले लोक ओरडतात, हे खरं. तरीही रोखावं. दर 10 मिनिटांनी एक गाडी आली तर माणूस सरासरी 5 मिनिटं थांबतो. त्याच गाड्या दर 20 मिनिटांनी जोडीनं आल्या तर 10. तासाला गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच आणि ताटकळणं दुप्पट.

लंडनमध्ये म्हणूनच वर्दळीच्या मार्गांवर गाडी ‘वेळेवर’ आली का हे मोजत नाहीत. प्रवाशाला ठरल्यापेक्षा किती जास्त थांबावं लागलं ते मोजतात आणि त्यावर ठेकेदाराचा बोनस किंवा दंड ठरतो. जीपीएस आपल्याकडच्या गाड्यांवरही आहे. रोज सकाळी साहेबांच्या टेबलावर हा आकडा मार्गवार यायला काहीच अडचण नाही.

प्रश्न: डेपोत गाड्या उभ्या दिसतात आणि थांब्यावर गर्दी. असं का?

दुरुस्तीसाठी आणि ऐनवेळी बदली म्हणून ताफ्यातल्या काही गाड्या मागे ठेवाव्याच लागतात. शंभरात आठ-दहा उभ्या दिसल्या तर तक्रार नको. वीस-पंचवीस दिसल्या तर एक तर सुटे भाग नाहीत किंवा माणसं नाहीत.

माणसांचा हिशेब फार कमी जण मांडतात. मोटार परिवहन कामगार कायदा 1961 चा. त्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं बंधन होतं; नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. 8 तासांची पाळी धरली आणि गाडी 16 तास चालवायची तर दोन पाळ्या आल्या. शंभर गाड्यांना रोज 200 चालक लागतात, साप्ताहिक सुट्टी धरून 233, आणि रजा व आजारपण धरलं की 260 च्या आसपास. वाहकही तेवढेच. दोनशेच भरले असतील तर उरलेलं सगळं ओव्हरटाइमवर चालतं, आणि गणपतीत किंवा लग्नसराईत गाड्या डेपोतच राहतात.

ठेकेदाराकडून भाड्यानं घेतलेल्या गाड्यांत आणखी एक गोम आहे. चालक ठेकेदाराचा आणि वाहक पीएमपीचा अशी पद्धत असते. पहाटे चालक गाडी काढून तयार आणि वाहक आलाच नाही, तर गाडी हलत नाही. करारात हमीचे किलोमीटर असतात, म्हणजे इतकं अंतर गाडी चालवूच अशी हमी पीएमपीनं ठेकेदाराला दिलेली असते. न धावलेल्या किलोमीटरचेही काही पैसे मग मोजावे लागतात, कारण चूक आपली.

प्रश्न: ठेकेदाराचे कामगार संपावर गेले तर त्यात प्रमुखाचा काय दोष?

कधीकधी बराच. ठेकेदाराचं बिल महिनोनमहिने अडकलं की आधी चालकांचे पगार थकतात, मग काम बंद. ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत बेस्टच्या भाड्याच्या गाड्यांवरचे चालक पगारवाढ आणि कायम नोकरीसाठी संपावर गेले तेव्हा मूळ कारण निराळं होतं, पण प्रवाशाचे हाल तेच. प्रमुखानं दोन गोष्टी घट्ट धराव्यात. बिल जीपीएसच्या किलोमीटरशी ताडून ठरल्या तारखेला द्यायचं. आणि पुढचं बिल काढण्याआधी चालकांच्या खात्यात पगार जमा झाल्याचा पुरावा मागायचा.

प्रश्न: इलेक्ट्रिक गाड्या दुपारीच डेपोत का परततात?

चार्जिंगला. एका चार्जमध्ये 180 किलोमीटर जाणारी गाडी दिवसाला 210 किलोमीटरच्या शेड्यूलवर लावली तर दुपारी तास-दीड तास जोडावीच लागते, आणि बॅटरी अगदी तळाला न्यायची नसते. डेपो मार्गापासून 8 किलोमीटर लांब असेल तर जाण्यायेण्याचे 16 किलोमीटर रिकामे. रात्री 40 गाड्या 120 किलोवॉटच्या चार्जरवर एकदम लावल्या तर 4,800 किलोवॉटचा भार येतो. तेवढ्या वीजभाराची मंजुरी नसेल तर गाड्या पाळीपाळीनं लावाव्या लागतात. ही पाळी चुकली की पहिल्या फेरीला अर्धी बॅटरी.

प्रश्न: साहेब सारखे बदलतात. नवा माणूस काय करणार?

तक्रार रास्त आहे. सनदी अधिकारी तुकाराम मुंढे पीएमपीचे प्रमुख म्हणून मार्च 2017 मध्ये आले आणि फेब्रुवारी 2018 मध्ये नाशिकला गेले. अकरा महिन्यांत शिस्त लावता येते. शहरभरच्या मार्गांची नव्यानं आखणी मात्र निदान दोन-तीन वर्षं मागते.

प्रश्न: तक्रार केली की ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर येतं. काय लिहावं?

‘बस नेहमी उशिरा येते’ असं लिहू नका, त्यावर कोणाला काहीच करता येत नाही. मार्ग क्रमांक, थांबा, दिशा, तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत थांबलात, आणि शेवटी आलेल्या गाडीचा नोंदणी क्रमांक द्या. एवढ्यावर जीपीएसची नोंद काढता येते. सतत तेच होत असेल तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात त्या मार्गाच्या एका महिन्याच्या नियोजित फेऱ्या, झालेल्या फेऱ्या आणि रद्द फेऱ्यांची कारणवार संख्या मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘वाहक उपलब्ध नाही’ आणि ‘गाडी नादुरुस्त’ यांपैकी कोणता रकाना मोठा आहे ते आधी बघा. पुढचं पत्र कोणाला लिहायचं, ते त्यावरून ठरेल.