पाय मोडलाय हे एक्स-रेच्या आधी कसं ओळखायचं? वाचकांचे प्रश्न, हाडांच्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : सर, मी कळव्यात इंटर्नशिप करतोय, सध्या ऑर्थोची पोस्टिंग आहे. कॅज्युल्टीत पेशंट आला की आमचे सिनियर दारातूनच बघून सांगतात की हे नेक फीमर (मांडीच्या हाडाची मान मोडलेली), हे इंटरट्रोक (मानेच्या लगेच खाली मोडलेलं), हे डिसलोकेशन (सांधा निखळलेला), आणि बहुतेक वेळा तेच निघतं. मला तर सगळे पाय सारखेच दिसतात. वाचलेलं असतं पण पेशंट ओरडायला लागला की काही सुचत नाही. काय बघायचं नेमकं?

उत्तर : आधी पडदा ओढा, पेशंटला विचारा आणि दोन्ही पाय कमरेपासून बोटांपर्यंत उघडे करा. दोन्ही, हे महत्त्वाचं. दुखऱ्या पायाकडेच बघत बसलात तर काही कळणार नाही, कारण तुलना करायला चांगला पाय तिथेच शेजारी असतो आणि तो चादरीखाली राहतो. हात लावायच्या आधी पायथ्याशी उभे राहा आणि तीनच गोष्टी बघा, टाचा एका रेषेत आहेत का, गुडघ्याच्या वाट्या छताकडे बघतायत का, आणि पावलं कुठे वळलीयत.

आता सत्तरीच्या आजी, बाथरूममध्ये घसरल्या, उठताच येत नाही. पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर वळलंय, म्हणजे खुब्याजवळ मोडलंय असं धरूनच चाला. हाड तुटलं की मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू खालचा तुकडा वर ओढतात म्हणून पाय आखूड होतो, आणि वरचा आधार गेल्यामुळे पाय स्वतःच्या वजनानेच बाहेर लवंडतो. पण किती लवंडतो ते बघा, खरी गंमत तिथे आहे. नेक फीमर सांध्याच्या कॅप्सूलच्या, म्हणजे सांध्याभोवतीच्या पिशवीसारख्या आवरणाच्या, आत मोडतं, कॅप्सूल खालच्या तुकड्याला थोडं धरून ठेवतं, म्हणून वळण साधारण 45 अंशांवर थांबतं आणि सूजही फार दिसत नाही कारण रक्त आतच राहतं. इंटरट्रोक कॅप्सूलच्या बाहेर असतं, धरायला कोणी नाही, त्यामुळे पाय जवळजवळ 90 अंश वळतो, पावलाची बाहेरची कड गादीला टेकते आणि खुब्याच्या बाजूला सूज येते, नंतर काळंनिळंही होतं. कारण कळलं की पाठ करावं लागत नाही, ओरडणाऱ्या पेशंटसमोरसुद्धा ते आठवतं.

याच्या बरोबर उलटं चित्र म्हणजे पाम बीच रोडवर गाडी ठोकलेला तरुण, गुडघा डॅशबोर्डवर आपटलाय. गुडघा वाकलेला, मांडी आत ओढलेली, पाऊल आत वळलेलं, सरळ करायला गेलं की किंचाळतो. हे खुब्याचं मागच्या बाजूचं डिसलोकेशन, खुबा निखळण्याच्या 10 पैकी 9 केसेस याच असतात. इथे घड्याळ बघा, 6 तासांच्या आत सांधा बसवायचा असतो नाहीतर बॉलचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा जायची भीती वाढते. पाऊल वर उचलता येतं का तेही विचारून लिहून ठेवा, खुब्यामागून पायात जाणारी सायटिक नस दाबली गेलेली असू शकते.

आणि एक सापळा सांगतो. त्याच पेशंटची मांडी मधोमधही मोडलेली असेल तर आत वळलेला पाय दिसणारच नाही, कारण मोडीच्या खालचा भाग सुटा झालेला असतो. सगळ्यांचं लक्ष मांडीच्या सुजेवर आणि निखळलेला खुबा तसाच राहतो. म्हणून मोडलेल्या हाडाच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा दोन्ही एक्स-रेत आलेच पाहिजेत, तंत्रज्ञ घाईत असला तरी तुम्ही आग्रह धरा. मांडीच्या एका मोडीत लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आत जाऊ शकतं, त्यामुळे बीपी आणि आयव्ही लाईन आधी.

घोडबंदर रोडला बाईकवरून पडलेले येतात त्यांची बहुधा नडगी असते. नडगीवर पुढून कातडीच काय ती, त्यामुळे मोडीजवळ छोटीशी जखम दिसली तरी ती ओपन फ्रॅक्चर, म्हणजे जखमेतून बाहेर उघडी पडलेली मोड, समजायची. हाड कुरकुरतंय का म्हणून मुद्दाम हलवून बघू नका प्लीज, पेशंटला यातना होतात आणि त्यातून नवीन काही कळत नाही. पावलाच्या वरच्या बाजूची आणि घोट्यामागची नाडी बघा, स्प्लिंट लावायच्या आधी आणि नंतर, वेळेसकट लिहा. रात्री तो पेशंट इंजेक्शन देऊनही दुखतंय दुखतंय करत असेल, पोटरी दगडासारखी लागत असेल, बोटं नुसती हलवली तरी ओरडत असेल तर त्याला नाटकी म्हणू नका. तो कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून त्यांचा रक्तपुरवठा तुटणं, असू शकतो, आणि नाडी लागते म्हणून तो नाही असं अजिबात नसतं. त्याच क्षणी सिनियरला उठवा. सकाळच्या राउंडपर्यंत थांबलात तर स्नायू मरतात, ते परत येत नाहीत.

शेवटचं, पाय सरळ दिसतो म्हणजे मोडला नाही असंही नाही. नेक फीमरचे तुकडे एकमेकांत रुतले की आजी चालतसुद्धा येतात, फक्त जांघेत दुखतं म्हणतात, कधी कधी तर गुडघाच दुखतो म्हणतात. एक्स-रे नॉर्मल आला तरी दुखणं थांबत नसेल तर एमआरआयचा विषय काढा.

प्रश्न : ऐरोलीला राहते, फिजिओच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घोटा मुरगळला की प्रत्येकाचा एक्स-रे काढायचाच का?

उत्तर : नाही. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये यासाठी नियम दिले, जगभर वापरतात. घोटा दुखत असेल तर दोन्ही बाजूंच्या हाडांच्या खालच्या 6 सेंटीमीटरमध्ये, मागच्या कडेवर आणि टोकावर दाबा. पावलाचा मधला भाग दुखत असेल तर करंगळीकडच्या लांब हाडाचं बूड आणि आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर नावाचं छोटं हाड दाबा. हाडावर दुखलं, किंवा पडल्यावर आणि आता तुमच्यासमोर दोन्ही वेळी 4 पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. लंगडत टाकली तरी ती पावलंच धरायची. फक्त डायबेटीसमुळे पाय बधीर असलेल्यांना किंवा दारू प्यायलेल्यांना हा नियम लावू नका, त्यांना दुखतंय हे कळतच नाही.

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्षाचा आहे, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेत. सासूबाई म्हणतात मालिश नीट झाली नाही. घणसोली.

उत्तर : ताई, मालिशचा काही संबंध नाही, मनातून काढून टाका. साधारण 2 वर्षांपर्यंत पाय असे फेंगडे असतातच, मग 3-4 वर्षांचा झाला की उलट गुडघे एकमेकांना घासायला लागतील, तेव्हाही घाबरू नका, 7 वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचे सरळ होतात. घोटे जुळवून दोन गुडघ्यांमधलं अंतर अधूनमधून मोजत राहा. एकच पाय वाकडा असेल, 2 वर्षांनंतरही अंतर वाढत असेल, उंची कमी वाटत असेल किंवा मनगटं जाड दिसत असतील तर मात्र दाखवा, मुडदूस असू शकतो आणि तो औषधाने बरा होतो. व्हिटॅमिन डी स्वतःच्या मनाने देऊ नका, त्याचाही जास्त डोस बाधतो.