डिप्लॉय करायचं, चढवायचं की तैनात करायचं?

प्रश्न असा आहे: 'टीमसाठी मराठीत हस्तपुस्तिका लिहितेय. आमची चार वेब ॲप्लिकेशन्स एकाच ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालतात. "डिप्लॉय करणे" याला काय लिहावं? भाषांतराचं यंत्र "तैनात करणे" देतं, हिंदी पुस्तकात "परिनियोजन" सापडलं आणि टीममधले सगळे "टाकणे" म्हणतात. शिवाय सर्व्हर "शेअर्ड" आहे, त्याला काय म्हणू?'

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. तयार ॲप सर्व्हरवर ठेवून लोकांसाठी चालू करण्याच्या सगळ्या क्रियेला मिळून 'डिप्लॉय करणे'च लिहा. पण त्या क्रियेतल्या पायऱ्या सांगताना मराठी क्रियापदं वापरा, आणि प्रत्येक पायरीला तिचं स्वतःचं क्रियापद द्या. शेअर्डला 'सामाईक'. आता कारणं.

'तैनात' शब्दात वाईट काही नाही. अरबी-फारसीच्या वाटेने आला, मराठीत मुरला. त्यात नेमणुकीचा भाव आहे: कुणीतरी कुणाच्या तरी दिमतीला, पहाऱ्याला, बंदोबस्ताला लावलेला असतो. म्हणून पोलीस तैनात होतात, फौज तैनात होते. शाळेच्या इतिहासातली 'तैनाती फौज' आठवत असेलच. १८०२ साली वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाच्या गळ्यात पडलेली, ज्याच्या घरी राहायची त्याच्याच खर्चाने पोसली जाणारी. सर्व्हरची मेमरी खात बसलेल्या ॲपला हे वर्णन चपखल बसतं हे खरं, पण हस्तपुस्तिकेत तो विनोद चालणार नाही. अडचण अशी की तैनात माणसं होतात. फाइल तैनात केली म्हटलं की ती काठी घेऊन उभी राहिल्यासारखी वाटते. त्यात जावाच्या वेब ॲप्लिकेशनची फाइल म्हणजे 'वॉर', वेब आर्काइव्हचं लघुरूप. 'वॉर तैनात केली' हे वाक्य वाचून कुणी हसलं तर त्याचा दोष नाही.

'परिनियोजन'ची अडचण वेगळी आणि जास्त गंभीर. मराठी माणसाला 'नियोजन' म्हणजे आखणी, आधी केलेला विचार. 'परिनियोजन' वाचून तो समजतो की अजून बेतच चालू आहे. प्रत्यक्षात ॲप चालू होऊन लोक लॉगिन करत असतात. जो शब्द वाचणाऱ्याला उलट्या दिशेला नेतो, तो कितीही शुद्ध असला तरी तांत्रिक लिखाणात नको.

मूळ इंग्रजी शब्दाकडे एकदा बघू. तो फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'घडी मोडणे, उलगडणे' आहे. 'डिस्प्ले' हा त्याचाच भाऊ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत तो लष्करी शब्द झाला: एकामागे एक चालणारी पलटण उलगडून आडव्या रांगेत उभी करायची, ते डिप्लॉय. म्हणजे 'नेमणूक' हा अर्थ नंतरचा आणि 'उलगडणे' आधीचा. गंमत म्हणजे टॉमकॅट, म्हणजे जावाची वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा एक सर्व्हर, नेमकं हेच करतो. वॉर ही गुंडाळलेली फाइल. ती 'वेबॲप्स' फोल्डरमध्ये पडली की टॉमकॅट तिच्याच नावाचं फोल्डर करून आतला सगळा माल उलगडून ठेवतो. न उलगडता चालवायची सोयही आहे, पण मुळात ठरलेलं वागणं उलगडण्याचं.

मग 'उलगडणे' हाच प्रतिशब्द घ्यावा का? नाही, कारण ती चारातली एक पायरी आहे. फाइल ठेवली जाते. ती उलगडली जाते. ॲप एका पत्त्याला जोडलं जातं. आणि मग ते सुरू होतं. तुमच्या टीममधले 'टाकणे' म्हणतात ती फक्त पहिली पायरी, आणि गोंधळ तिथेच होतो. 'मी टाकली फाइल' आणि 'ॲप चालू झालं' यांच्यात बरंच काही घडायचं असतं. टॉमकॅटमध्ये ऑटोडिप्लॉय चालू असेल, आणि मुळात तो चालूच असतो, तर तो ठराविक अंतराने फोल्डरकडे नजर टाकतो आणि नवी फाइल दिसली की कामाला लागतो. फाइल मोठी असेल, कॉपी अर्धीच झाली असेल आणि नेमकी तेव्हाच त्याची नजर गेली, तर तो अर्धी फाइल उलगडायला घेतो आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, बोंब होते. म्हणून जाणते लोक फाइल आधी दुसऱ्या जागी पूर्ण कॉपी करून मग आत सरकवतात. ऑटोडिप्लॉय बंद असेल तर उलट: फाइल टाकून कितीही वाट बघा, काही होणार नाही. 'टाकणे' म्हणजेच 'डिप्लॉय करणे' असं हस्तपुस्तिकेत लिहिलंत, तर नवा माणूस दोन्हीकडे फसेल.

या पायऱ्या शब्दांत पकडण्याचं सर्वात सुंदर उदाहरण मला वाइल्डफ्लायमध्ये दिसतं. (हाही टॉमकॅटसारखाच जावाचा सर्व्हर; पूर्वीचा जेबॉस, २०१४ पासून वाइल्डफ्लाय.) त्याच्या 'डिप्लॉयमेंट्स' फोल्डरमध्ये ॲपच्या फाइलशेजारी छोट्या खुणेच्या फाइली असतात आणि त्यांची शेपटं म्हणजे चक्क क्रियापदाची रूपं आहेत. 'डूडिप्लॉय' ही आज्ञा. ती फाइल तुम्ही ठेवता. सर्व्हरने काम हाती घेतलं की 'इझडिप्लॉयिंग' दिसते. काम तडीस गेलं की 'डिप्लॉइड', फसलं की 'फेल्ड', आणि त्या फाइलीत का फसलं तेही लिहिलेलं सापडतं. 'डिप्लॉइड'ची खूण पुसून टाकली तर सर्व्हर ते ॲप काढून घेतो. आता हे मराठीत म्हणून बघा: डिप्लॉय कर, डिप्लॉय होतंय, डिप्लॉय झालं, डिप्लॉय झालं नाही. इंग्रजीला एकाच क्रियापदाला वाकवावं लागलं. आपल्याकडे 'करणे' माणसाकडे आणि 'होणे' सर्व्हरकडे अशी वाटणी आपोआप होते. 'तुम्ही डिप्लॉय केलं, पण ते झालं नाही' या वाक्यात जेवढी अचूकता आहे तेवढी मला कुठल्याही घडवलेल्या संस्कृत नामात दिसत नाही. उसन्या शब्दाला 'करणे-होणे' जोडून घेणं ही मराठीची जुनी आणि पक्की रीत आहे, त्यात कमीपणा कसला?

अस्सल मराठी क्रियापदं का चालत नाहीत, हे पाहायला 'बसवणे' घ्या. इन्स्टॉलला याच्याइतका जिवंत शब्द नाही: नळ बसवतात, मोटर बसवतात, दार बसवतात. पण 'सर्व्हर बसवला' आणि 'सर्व्हर बसला' यांत दिवसरात्रीचा फरक आहे. पहिला म्हणजे नवा लावला, दुसरा म्हणजे कोसळला. आवाज बसतो, भिंत बसते, धंदा बसतो, त्याच चालीवर सर्व्हर बसतो. 'उठणे'ची तऱ्हा याच्या उलट. 'टॉमकॅट उठला का?' म्हणजे चालू झाला का. 'रीस्टार्ट मारला, पण एक ॲप उठलंच नाही' हे वाक्य मराठी टीममध्ये रोज कुणी ना कुणी बोलतं. पण बाजार उठतो, दुकान उठतं, पंगत उठते, तेव्हा ते संपलेलं असतं. म्हणून 'चारही ॲप्स उठवली' याचा अर्थ चालू केली की गाशा गुंडाळला, हे संदर्भावाचून कळायचं नाही. बोलताना आवाजावरून कळतं, हस्तपुस्तिकेला आवाज नसतो.

उरलं 'चढवणे'. 'प्रॉडक्शनवर चढवलं' असं लोक म्हणतात आणि तो मला आवडतो. त्यात थोडा दम लागल्याचा भाव आहे आणि तो खोटा नाही. पण नेटवरच्या मराठीत 'चढवणे' अपलोडसाठी रुळलाय आणि अपलोड म्हणजे पुन्हा ती पहिलीच पायरी. शिवाय त्याची जोडी 'उतरवणे' धोक्याची आहे. टॉमकॅटच्या मॅनेजर पानावर प्रत्येक ॲपसमोर चार बटणं असतात: स्टार्ट, स्टॉप, रीलोड, अनडिप्लॉय. स्टॉप केलं तर ॲप थांबतं, फाइली जागेवर राहतात. अनडिप्लॉय केलं तर उलगडलेलं फोल्डर जातं आणि वेबॲप्समधली वॉर फाइलही जाते. 'उतरवणे' वाचून एखाद्याला वाटेल की फक्त खाली आणलं, पुन्हा चढवू. मूळ फाइलीची प्रत दुसरीकडे नसेल तर चढवायला काही उरलेलंच नसतं. इथे सरळ 'काढून टाकणे' लिहा. सौम्य शब्दाने इथे नुकसान होईल.

(जाता जाता: काढून टाकलं तरी सगळं जातंच असं नाही. ॲपने एखादा धागा (थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारं काम) चालू ठेवला किंवा डेटाबेसचा ड्रायव्हर नोंदवून तसाच सोडला, तर त्याचे जुने क्लास (जावा कोडचे तुकडे) मेमरीत अडकून राहतात. वारंवार रीडिप्लॉय केल्यावर 'पर्मजेन' (क्लास ठेवायची मेमरीतली जागा) भरल्याची चूक जुन्या लोकांना चांगली ठाऊक आहे. २०१४ साली आलेल्या जावा ८ ने पर्मजेन काढून मेटास्पेस आणला. नाव बदललं, गळती बंद झाली असं मात्र नाही.)

आता 'शेअर्ड'. मराठीत शेअर करण्याचे दोन अर्थ वेगळे ठेवता येतात: वाटून घेणं आणि सामाईक वापरणं. वाटून घेतलं की प्रत्येकाचा हिस्सा ठरतो. सामाईक असलं की हिस्सा ठरत नाही, सगळ्यांचं सगळंच. एका टॉमकॅटवरची चार ॲप्स एकाच जावा प्रक्रियेत चालतात. तिची हीप मेमरी एकच असते. तिच्यात कुणाच्या नावाचा कोपरा आखलेला नसतो. एका ॲपने ती संपवली की बाकी तिघांचाही श्वास कोंडतो. विनंत्या हाताळणारे धागेही सामाईक. कनेक्टरवर (विनंत्या स्वीकारणाऱ्या भागावर) ते मुळात जास्तीत जास्त २०० असतात. एक ॲप मंद डेटाबेसची वाट बघत ते सगळे अडवून बसलं, तर शेजारचं ठणठणीत ॲपही उत्तर देत नाही आणि लोक म्हणतात सर्व्हर बसला. म्हणून 'वाटलेला सर्व्हर' किंवा 'विभागलेला सर्व्हर' चूक, 'सामाईक' बरोबर. 'सामायिक'ही चुकीचा नाही. पण जैनांमध्ये सामायिक ही एक उपासना आहे आणि सामाईक विहीर, सामाईक भिंत बोलणाऱ्याच्या तोंडी 'सामाईक'च येतो, म्हणून मी तोच लिहितो.

सगळंच सामाईक नसतं हेही हस्तपुस्तिकेत यायला हवं. प्रत्येक ॲप आपल्या लायब्ररी आपल्याबरोबर आणतं आणि टॉमकॅट ॲपचे क्लास शोधताना आधी त्याच्याच पोतडीत बघतो, मग सामाईक फोल्डरमध्ये. त्यामुळे एकाच लायब्ररीची जुनी आवृत्ती एका ॲपकडे आणि नवी दुसऱ्याकडे सुखाने नांदू शकते. या लायब्ररींना 'ॲपच्या खासगी' म्हणा. 'सामाईक'ला तोच नैसर्गिक विरुद्धार्थी शब्द आहे.

'कॉन्टेक्स्ट पाथ'चं 'संदर्भ मार्ग' कृपा करून करू नका. संदर्भ म्हटलं की पुस्तकाच्या शेवटची यादी आठवते. 'ॲपचा पत्ता' पुरे. आणि अनेकवचन: बोलताना सगळे 'ॲप्स' म्हणतात, तेच लिहा. सर्व्हर मात्र दोन असोत की दहा, 'सर्व्हर'च राहतात.

तुमच्या हस्तपुस्तिकेतला परिच्छेद साधारण असा लिहिता येईल:

'हजेरी.वॉर फाइल आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये पूर्ण कॉपी करा, मग वेबॲप्समध्ये सरकवा. टॉमकॅट ती उलगडेल, ॲप "हजेरी" या पत्त्याला जोडेल आणि सुरू करेल. डिप्लॉय पूर्ण झाल्याची ओळ लॉगमध्ये दिसेपर्यंत दुसऱ्या ॲपच्या फाइलीला हात लावू नका. सर्व्हर सामाईक आहे: तो रीस्टार्ट केलात तर चारही ॲप्स बंद पडतील. लोक काम करत असतानाच नवी आवृत्ती आणायची असेल, तर फाइलीला हजेरी##००२.वॉर असं नाव द्या. आधीपासून लॉगिन असलेले जुन्या आवृत्तीवर राहतील, नवे लोक नव्या आवृत्तीवर जातील.'

त्या नावातली शून्यं खाऊ नका. टॉमकॅट आवृत्त्यांची तुलना आकड्यांनी करत नाही, अक्षरांनी करतो. त्याच्या हिशेबात ११ ही २ च्या आधी येते.