ल्योंमध्ये पाहण्यासारखे काय आणि राहण्यासारखे काय

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला: तुमच्या पत्नीला फ्रान्समधील ल्यों शहरातील एका प्रयोगशाळेत दोन वर्षांचे संशोधनाचे काम मिळाले आहे, तुम्ही दोघे नोव्हेंबरच्या सुरुवातीला नाशिकहून येत आहात, आणि 'ल्योंसाठी दोन दिवस पुरेत' असे जिकडेतिकडे वाचल्यामुळे दोन दिवसांत पाहून होणाऱ्या शहरात दोन वर्षे कशी काढायची, अशी शंका तुम्हाला आली आहे. मी येथे अकरा वर्षे राहते आहे आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना हे शहर अनेकदा दाखवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

दोन दिवसांत जे पाहून होते ते सुंदरच आहे. मात्र लोक येथे रमतात ते वेगळ्या कारणाने. या शहराच्या जुन्या भागात आजही माणसे राहतात, तेथे कपडे वाळत घातलेले असतात, जिन्याखाली सायकली लावलेल्या असतात, आणि त्यातील उत्तम ते बहुतेक सारे दाराच्या आत असते. ते पाहायचे तर दार उघडावे लागते, आवाज खाली आणावा लागतो आणि पुन्हा पुन्हा यावे लागते.

सोन नदीच्या उजव्या तीरावर, फूर्व्हिएर टेकडीच्या पायथ्याशी व्ह्यू-ल्यों, म्हणजे जुने ल्यों आहे. तेथील बरीचशी घरे 15व्या आणि 16व्या शतकांतील, इटालियन सराफ आणि व्यापारी येथे पेढ्या चालवीत त्या काळातील आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर ही वस्ती दाटीची, ओलसर आणि दुर्लक्षित झाली होती, आणि तिच्यातून मोटारींसाठी रस्ता काढण्याचा नगरपालिकेचा बेत होता. रहिवाशांच्या संघटनेने त्याला नेटाने विरोध केला. सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी 1962 मध्ये जुन्या वस्त्यांच्या संरक्षणाचा कायदा आणला आणि 1964 मध्ये व्ह्यू-ल्यों हा त्या कायद्याखाली संरक्षित झालेला फ्रान्समधील पहिला भाग ठरला. पुढे 1998 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ल्योंचे नाव गेले, त्यात जुन्या वस्तीबरोबर फूर्व्हिएर आणि क्रोआ-रूस या दोन्ही टेकड्यांचे उतार आणि सोन व रोन या दोन नद्यांमधील मोठा भागही आहे. हा विरोध झाला नसता तर काय झाले असते, हे पाहायचे असेल तर पेराश रेल्वे स्थानकासमोर जा. 1971 मध्ये उघडलेल्या फूर्व्हिएर बोगद्यामुळे महामार्ग शहराच्या मध्यातून गेला आणि स्थानकापुढे काँक्रीटचा एक अजस्र ढीग उभा राहिला. तो मला आजही सलतो, पण तो पाहिल्यावर जुनी वस्ती वाचवणाऱ्यांचे मोल नीट कळते.

आता त्राबूलविषयी. एका रस्त्यावरून घराच्या आत शिरून, चौक ओलांडून, पलीकडच्या रस्त्यावर निघणारी वाट म्हणजे त्राबूल. रू सँ-झाँ या रस्त्यावरील 54 क्रमांकाच्या दारातून आत शिरलात तर रू द्यू बफ या रस्त्यावर 27 क्रमांकाला बाहेर पडता, आणि जुन्या ल्योंमधील ही सर्वांत लांब त्राबूल आहे. जड लाकडी दार ढकलले की रस्त्यावरचा गोंगाट एकदम तुटतो, ओल्या दगडाचा गारवा जाणवतो, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत समोर चौक उघडतो: वर आकाशाचा चौकोन, एका बाजूला गोल जिना, मजल्यामजल्यावर कमानींचे सज्जे, आणि खाली टपालपेट्यांची रांग. पुण्यातील वाड्याच्या चौकात ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना येथे ओळखीचे काही तरी सापडते. माझ्या आईला ते पहिल्याच दिवशी सापडले आणि ती तेथील पायरीवर बराच वेळ बसून राहिली. ही घरे खासगी आहेत. शहर प्रशासन आणि घरमालक यांच्यात करार आहेत, त्यांनुसार झाडलोट, दिवाबत्ती आणि दुरुस्तीला प्रशासन हातभार लावते आणि रहिवासी दिवसा वाट मोकळी ठेवतात. शेकडो वाटांपैकी थोड्याच अशा उघड्या आहेत, म्हणून आत मोठ्याने बोलू नये, रात्री जाऊ नये, जिने चढू नयेत. एखाद्या घोळक्याच्या गोंगाटाने वैतागून रहिवाशांनी दार बंद केले, तर ते सगळ्यांसाठीच बंद होते.

दुसरी टेकडी क्रोआ-रूस, आणि माझे घर तिच्या उतारावर असल्यामुळे माझा कल तिच्याकडे आहे, हे आधीच सांगते. फूर्व्हिएर ही प्रार्थना करणारी टेकडी आणि क्रोआ-रूस ही काम करणारी टेकडी, असे येथे पूर्वापार म्हणतात. 19व्या शतकात रेशीम विणणारे कारागीर, ज्यांना येथे कानू म्हणतात, या टेकडीवर राहिले. झोझेफ-मारी जाकार हा याच शहराचा. त्याच्या नावाचा जॅकार्ड हा शब्द आपल्याकडेही विणकरांच्या रोजच्या बोलण्यात आहे, आणि तुम्ही नाशिकचे असल्यामुळे येवल्यात तो ऐकलाही असेल. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांनी नक्षीचे धागे उचलणारे ते यंत्र मागाच्या डोक्यावर बसत असे, त्यामुळे माग जवळपास चार मीटर उंच होई आणि घरेही त्या मापाने बांधली गेली. आमच्या घराचे छत तेवढेच उंच आहे, तुळया उघड्या आहेत, आणि पूर्वी कुटुंब जेथे झोपत असे त्या लाकडी पोटमाळ्यावर आता माझा मुलगा अभ्यास करतो. उंच खिडक्या हौसेसाठी नव्हत्या. रेशमाचा रंग नीट दिसावा म्हणून दिवसाचा उजेड घरात खोलवर यायला हवा होता.

याच विणकरांनी नोव्हेंबर 1831 मध्ये उठाव केला. मजुरीचा किमान दर ठरला होता आणि व्यापाऱ्यांपैकी अनेकांनी तो पाळण्यास नकार दिला, एवढे साधे कारण होते. 'काम करून जगू, नाही तर लढून मरू' हे शब्द त्यांच्या काळ्या निशाणावर होते असे सांगतात. 1834 मध्ये पुन्हा उठाव झाला आणि तो रक्तपाताने मोडून काढला गेला. प्लास कोल्बेरवरील 9 क्रमांकाच्या दारातून कूर दे व्होरास या चौकात जा. तेथील सहा मजली उघडा दगडी जिना पाहताना हा इतिहास आठवला, तर जिन्याचे वजन वेगळे वाटते. रू दिव्हरीवरील मेझों दे कानू या संग्रहालयात माग चालवून दाखवतात. धोट्याचा तो आवाज एकदा जरूर ऐका.

नवख्या माणसाने पाहावी अशी आणखी एक वस्तू मी मुद्दाम सांगते. इ. स. पूर्व 43 मध्ये रोमनांनी फूर्व्हिएर टेकडीवर लुग्दुनुम वसवले, आणि सम्राट क्लॉडियस याचा जन्म येथेच झाला. इ. स. 48 मध्ये त्याने रोमच्या सिनेटपुढे भाषण केले की गॉल, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, प्रांतातील प्रतिष्ठितांनाही सिनेटमध्ये जागा मिळाली पाहिजे, कारण रोम मोठे झाले ते बाहेरच्यांना सामावून घेऊनच. ते भाषण कोरलेला ब्राँझचा पत्रा 1528 मध्ये क्रोआ-रूसच्या उतारावर सापडला आणि तो आता रोमन नाट्यगृहाला लागून असलेल्या लुग्दुनुम संग्रहालयात आहे. फ्रान्समध्ये राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी रांगेत घालवलेल्या एका थकवणाऱ्या दिवसानंतर मी तो पहिल्यांदा पाहिला, आणि बाहेरून आलेल्यांचा प्रश्न या शहरात दोन हजार वर्षे जुना आहे याचा मला खरोखर आधार वाटला.

खाण्याविषयी मोकळेपणाने सांगायला हवे. ल्योंची ख्याती खाण्यासाठी आहे. येथील अजेनी ब्राझिए या बाईंनी 1933 मध्ये दोन उपाहारगृहांसाठी मिळून उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशलँ मार्गदर्शिकेचे सहा तारे मिळवले होते. पण बुशों नावाची जी पारंपरिक खाणावळ असते, तिच्या यादीत डुकराचे मांस आणि आतडी यांचे प्रमाण मोठे असते, आणि 'ल्योंची कोशिंबीर' म्हणून जी येते तिच्यातही डुकराचे तुकडे असतात. तुम्ही शाकाहारी असाल तर 'सर्व्हेल द कानू' मागा. नावाचा अर्थ विणकराचा मेंदू असा असला तरी वस्तू म्हणजे आपल्या चक्क्याच्या जवळ जाणाऱ्या ताज्या चीजमध्ये लसूण, बारीक कांदा आणि पाती घालून फेटलेला साधा पदार्थ आहे. गुलाबी साखरेत घोळवलेल्या बदामांचा टार्ट कोणत्याही बेकरीत मिळतो. फेब्रुवारीत ब्यून्य येतात: कणीक लाटून, कातून, तळून, वर साखर भुरभुरलेली. त्यात अंडे असते, पण चव आणि खुसखुशीतपणा शंकरपाळ्यांचा. तूरडाळ, हिंग, पोहे यांसाठी गियोतिएर भागातील दुकाने आहेत आणि ताज्या भाजीसाठी क्रोआ-रूसच्या रस्त्यावरचा बाजार, जो सोमवारी नसतो. रविवारी दुपारनंतर मात्र शहर जवळजवळ बंद असते, म्हणून शनिवारीच सामान भरून ठेवावे.

वाहतुकीबद्दल तुम्हाला काळजीचे कारण नाही. मेट्रोच्या चार मार्गिका आहेत, क्रोआ-रूसला जाणारी दातेरी रुळावरून चढते, आणि फूर्व्हिएरवर जाणाऱ्या दोरीच्या गाडीला लोक अजून 'फिसेल', म्हणजे सुतळी, म्हणतात. रोन नदीचा काठ पूर्वी मोटारींच्या वाहनतळाने व्यापलेला होता. 2007 मध्ये तो चालणाऱ्यांना आणि सायकलींना दिला गेला आणि त्याने शहराची संध्याकाळच बदलली. त्याच काठाने उत्तरेकडे गेले की 117 हेक्टरांची तेत दोर बाग लागते, तिला प्रवेशमूल्य नाही.

घर मिळवणे हा खरा कठीण भाग आहे. आम्हाला एका भाडे-एजन्सीने सहा आठवडे कागद मागून अखेरीस हमीदार फ्रान्समधला नाही म्हणून नकार दिला, आणि ते आधीच सांगितले असते तर आमची मोठी ओढाताण वाचली असती. त्यामुळे 'व्हिसाल' या घरभाड्याच्या मोफत हमी योजनेला तुम्ही पात्र आहात का, हे निघण्यापूर्वीच तपासा, नेमणूकपत्र आणि विवाहाच्या दाखल्याची अधिकृत फ्रेंच भाषांतरे सोबत आणा, आणि व्हिसावर ऑनलाइन नोंदणीची अट असेल तर ती तीन महिन्यांच्या आत पूर्ण करा. प्रयोगशाळा दुआ या विद्यापीठाच्या परिसरात असेल तर व्हिलरबानमध्ये घर पाहा; ते शेजारचे स्वतंत्र नगर आहे आणि मेट्रोने जोडलेले आहे. उतारावरचे कानूचे घर मोहात पाडते, पण पाच मजले लिफ्टशिवाय चढायचे असतात आणि उंच छतामुळे हिवाळ्यात तापायला वेळ लागतो. भाषेबाबत एकच आग्रह: दुकानात, बसमध्ये, जिन्यात, काहीही विचारण्यापूर्वी 'बाँजूर', म्हणजे नमस्कार, म्हणा. येथील माणसे सुरुवातीला अलिप्त वाटतात आणि त्या एका शब्दाने बरीच मोकळी होतात.

एखाद्या पावसाळी रविवारी माँप्लेझीर भागात, चित्रपटाचे आद्य प्रवर्तक ल्युमिएर बंधू यांच्या वडिलांच्या बंगल्यात जा. 1895 मध्ये त्यांच्या कारखान्यातून कामगार बाहेर पडतानाचे चित्रण त्याच आवारात झाले, आणि 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचे चित्रपट दाखवले गेले. ते पाहून सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, कॅमेरा मागवला. आपल्याकडच्या चित्रपटाचा एक धागा थेट या रस्त्यापर्यंत येतो, हे तेथे उभे राहिल्यावर मनाला भिडते.

तुम्ही येता त्यानंतर महिन्याभराने 8 डिसेंबर आहे. 1852 मध्ये फूर्व्हिएरवर मरियमच्या पुतळ्याचा सोहळा सोन नदीच्या पुरामुळे सप्टेंबरातून डिसेंबरात गेला होता, त्या दिवशीही वादळ झाले, आणि संध्याकाळी आकाश निवळताच लोकांनी आपापल्या खिडक्यांत दिवे लावले. आता त्याचा चार दिवसांचा प्रकाशोत्सव झाला आहे आणि मध्यवर्ती भागात श्वास घ्यायला जागा नसते, पण 8 तारखेला घराघरांत पन्हाळीदार काचेच्या पेल्यांतील मेणबत्त्या अजूनही खिडकीत मांडतात. त्या मेणबत्त्या नोव्हेंबरअखेरीस कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतात. पेले निवडताना जाड काचेचे घ्या, पातळ काच तडकते. तोपर्यंत तुमचे घर ठरले नसेल तर आमच्या दोन खिडक्या रस्त्याकडे आहेत, त्यांतील एक त्या संध्याकाळी तुम्हा दोघांसाठी रिकामी ठेवते.