दुकानाचे हिशेब ठेवणारा खजिनदार ट्रस्टचेही हिशेब तसेच ठेवू शकतो का?

आपण विचारले आहे की, रविवार पेठेतील आपल्या घाऊक दुकानाचे हिशेब आपण स्वतःच ठेवत आला आहात, आता गरजू विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या एका लहान सार्वजनिक ट्रस्टचे खजिनदार झाला आहात, तर त्याच पद्धतीने ट्रस्टचे हिशेब ठेवले तर चालेल का. मी पुण्यात सनदी लेखापाल म्हणून काम करतो आणि माझ्याकडे अशा ट्रस्टांचे बरेच काम येते. किर्द-खतावणी लिहिण्याची रीत तीच राहील, परंतु दुकानात योग्य असलेल्या काही सवयी ट्रस्टला महागात पडतात. खालील कलमे 1961 च्या प्राप्तिकर अधिनियमातील आहेत. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा अधिनियम लागू होत असल्याने पुढील वर्षांसाठी कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक आपल्या लेखापालांकडून तपासून घ्यावेत.

पहिली सवय उधारीची. 31 मार्चला बिल आले आणि पैसे द्यायचे राहिले, तरी दुकानाच्या हिशेबात आपण ते त्याच वर्षीच्या खर्चात धरता आणि ते बरोबरच आहे. कलम 12एबी खाली नोंदणी असलेल्या ट्रस्टला करमाफी हवी असेल, तर उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम उद्दिष्टांसाठी खर्च झालेली दाखवावी लागते, आणि या हिशेबात प्रत्यक्ष चुकती केलेली रक्कमच धरली जाते. समजा, वर्षाचे उत्पन्न 24 लाख रुपये आहे, म्हणजे किमान 20 लाख 40 हजार रुपये खर्च व्हायला हवेत. वसतिगृहाच्या शुल्कापोटी आपण 16 लाख भरले आणि अप्पा बळवंत चौकातील विक्रेत्याचे वह्या-पुस्तकांचे 5 लाखांचे बिल मार्चमध्ये नोंदवून एप्रिलमध्ये चुकते केले. जमाखर्चात 21 लाख दिसतील, प्राप्तिकरासाठी मात्र 16 लाखच धरले जातील आणि 4 लाख 40 हजारांची तूट निघेल. पैसे खरोखर विद्यार्थ्यांवरच खर्च झालेले असताना केवळ धनादेश दहा दिवस उशिरा निघाला म्हणून कराचा प्रश्न उभा राहावा, याचे मला प्रत्येक वेळी वाईट वाटते. यावर उपाय दोन आहेत: मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सर्व देणी तपासून शक्य तेवढी चुकती करावीत, आणि एखाद्या निश्चित कामासाठी रक्कम राखून ठेवायची असेल, तर विश्वस्तांचा ठराव करून फॉर्म 10 मुदतीत भरावा, म्हणजे ती रक्कम पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येते.

घसाऱ्याचेही असेच आहे. दुकानासाठी घेतलेल्या संगणकाची किंमत आपण घसाऱ्याच्या रूपाने अनेक वर्षांत वजा करता; ट्रस्टमध्ये ती पूर्ण किंमत खरेदीच्या वर्षीच विनियोग, म्हणजे उद्दिष्टांसाठी झालेला खर्च, म्हणून धरता येते, पण एकदा तशी धरली की त्याच वस्तूवरील घसारा पुढे त्या हिशेबात घेता येत नाही.

रोखीबाबत थोडक्यात सांगतो. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांहून अधिक रोख दिली, तर ती रक्कम विनियोगात धरली जात नाही, आणि टीडीएस कापणे बंधनकारक असताना न कापल्यास त्या खर्चाचा 30 टक्के भाग वगळला जातो. दुकानात हे नियम आपल्याला ठाऊकच असतील. ते ट्रस्टलाही लागू आहेत, हे अनेक विश्वस्तांच्या गावीही नसते.

दुकानाच्या हिशेबात ज्याच्यासारखे काहीच नसते असा विषय म्हणजे कायम निधी, म्हणजे मुद्दल राखून ठेवण्याच्या अटीवर मिळालेली देणगी, जिला आपण सर्रास कॉर्पस म्हणतो. दुकानात आलेला पैसा विक्रीचा असतो, तो कोणत्या अटीवर आला हे ग्राहकाला विचारावे लागत नाही. ट्रस्टमध्ये तेच विचारणे खजिनदाराचे पहिले काम असते. माझ्याकडे आलेल्या एका ट्रस्टला एका वृद्ध देणगीदाराने 6 लाख रुपये ‘याच्या व्याजातून मुलांना शिष्यवृत्ती द्या’ असे तोंडी सांगून दिले होते. पावती मात्र साध्या देणगीची फाडली गेली आणि लेखी पत्र वर्ष संपल्यावर मागवण्यात आले. देणगी देतानाचाच स्पष्ट निर्देश हवा असल्याने ते पत्र टिकले नाही, आणि संपूर्ण रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरावी लागली. म्हणून कायम निधीसाठी वेगळे पावती पुस्तक ठेवावे आणि देणगीदाराचे सहीचे पत्र पावतीच्या स्थळप्रतीला त्याच दिवशी जोडावे. 1 एप्रिल 2021 पासून ही रक्कम कायद्याने ठरवून दिलेल्या गुंतवणुकीत वेगळी ठेवणेही आवश्यक आहे. त्यातून केलेला खर्च 85 टक्क्यांत धरला जात नाही, मात्र पाच वर्षांच्या आत उत्पन्नातून तेवढी रक्कम निधीत परत भरली, तर ती भरल्याच्या वर्षी धरता येते.

ट्रस्टला 80जी ची, म्हणजे देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी, मान्यता असेल, तर प्रत्येक देणगीदाराचा पॅन क्रमांक पावतीच्या वेळीच घ्यावा, कारण 31 मेपर्यंत फॉर्म 10बीडी, म्हणजे मिळालेल्या देणग्यांचे विवरण, भरावा लागतो आणि उशिरासाठी दररोज 200 रुपये शुल्क आहे. 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणगीदाराला वजावट मिळत नाही, हे त्यांना आधीच सांगावे.

आणखी एक गोष्ट या आठवड्यातच तपासावी. आपण विश्वस्त म्हणूनही नव्याने आला असाल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज, 90 दिवसांत पुण्यातील धर्मादाय कार्यालयात दाखल व्हायला हवा. नेमणुकीच्या ठरावाची तारीख पाहून दिवस मोजा.