शिलाँग-कोहिमात पहिल्यांदा पोर्क खाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात शिलाँग आणि कोहिमाला जाताय. मटण-मासे घरात नेहमीचे, पण पोर्क हॉटेलच्या नाश्त्यातल्या बेकनपलीकडे कधी खाल्लेलं नाही. तिथलं खायची मनापासून इच्छा आहे, वासाची धास्ती आहे, जंतांची त्याहून जास्त, आणि यजमान, म्हणजे तुमचे मिस्टर, पोर्क खात नाहीत. सुरुवात कुठून करावी?

शिलाँगला करा, दोहनेयोंगने. काळे तीळ भाजून, वाटून त्यात शिजवलेलं पोर्क. आखुनीतलं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनमधलं नागा पोर्क तिकडची दोन-तीन जेवणं झाल्यावर खा. अनेकजण थेट कोहिमात उतरून सगळ्यात उग्र पदार्थ मागवतात, दोन घासांत ताट बाजूला सारतात आणि 'ईशान्येचं जेवण आपल्याला झेपत नाही' असं ठरवून परत येतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण क्रम बदलला असता तर तीच माणसं बोटं चाटत उठली असती.

आधी चरबीबद्दल. आपल्या रश्श्यावर तर्री येते ती आपण घातलेल्या तेलाची. खासी, म्हणजे शिलाँगकडच्या, आणि नागा, म्हणजे कोहिमाकडच्या घरगुती स्वयंपाकात वरून तेल फार थोडं, पुष्कळदा अजिबात नाही. पोर्क कातडीसकट, चरबीसकट तोडतात आणि त्या चरबीतच सगळं शिजतं. कातडी बराच वेळ शिजली की मऊ, चिकटसर होते आणि रश्श्याला दाटपणा येतो. त्यामुळे पहिल्याच ताटात पांढरा भाग बाजूला काढून नुसतं लाल मांस शोधत बसू नका. लाल मांस एकटं कोरडं लागतं. कातडी, चरबी आणि मांस असे तिन्ही थर एका घासात येतील असा तुकडा घ्या, छोटा घ्या, सोबत भात भरपूर घ्या. या जेवणात भात जास्त आणि मांस थोडं हेच प्रमाण असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डुकराच्या चरबीला तोड, म्हणजे तिचा जडपणा कापणारी दुसरी चव लागते, आणि ती कशाची द्यायची हे प्रत्येक मुलखाने आपापल्या परीने ठरवलंय. कुठेही अनोळखी पोर्क समोर आलं की मी पहिल्यांदा हेच विचारते: यात तोड कशाची? उत्तर मिळालं की पदार्थ निम्मा कळलेला असतो आणि जिभेची तयारी झालेली असते.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. तिथे तोड व्हिनेगरची, तेही माडीपासून आंबवलेलं. सोरपोतेलमध्ये मांस, काळीज, हृदय आधी उकडून, मग बारीक चौकोनी तुकडे करून परततात आणि व्हिनेगरमध्ये वाटलेल्या मसाल्यात शिजवतात. काही घरांत रक्तही घालतात. केल्या दिवशी ते कोणी फारसं वाढत नाही. रोज एकदा गरम करत दोन-तीन दिवस मुरू देतात, तेव्हा आंबटपणा मांसात उतरतो. सोबत सान्ना, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या, इडलीसारख्या वड्या. आपल्या वसई-वांद्र्याचे ईस्ट इंडियन लोकही सोरपोतेल करतात, फुग्यांबरोबर, म्हणजे तळलेल्या गोल पावांबरोबर खातात. चोरीस, म्हणजे गोव्याचं पोर्क सॉसेज, त्यातही व्हिनेगर, लाल मिरची आणि लसूण. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. ईशान्येला जायच्या आधी गोव्याला किंवा वसईकडे जाणं होणार असेल तर चोरीस-पाव खाऊन बघा. तिखट-आंबट चव आपल्याला लगेच जवळची वाटते आणि चरबीची भीती तिथेच बरीचशी जाते. एक लक्षात ठेवा, चोरीस वाळवलेला असला तरी कच्चा असतो. माळ घरी आणलीत तर थोड्या पाण्यात कांद्याबरोबर नीट शिजवायचा, तेल घालायची गरजच पडत नाही.

कोडगूत, म्हणजे कूर्गमध्ये तोड कचमपुळीची: गार्सिनिया गम्मीगट्टा या फळाचा, म्हणजे आपल्या कोकमाच्याच कुळातल्या फळाचा आटवलेला काळा आंबट रस. पंदी करीचा, म्हणजे तिथल्या पोर्कच्या रश्श्याचा काळपट रंग तो रस आणि खरपूस भाजलेले धणे-जिरे-मिरी यांच्यामुळे येतो. कडंबुट्टूबरोबर, म्हणजे तांदळाच्या कण्यांच्या वाफवलेल्या गोळ्यांबरोबर खातात. कधी मडिकेरीला गेलात तर चुकवू नका. तुमच्या या प्रवासाशी त्याचा संबंध एवढाच.

आता शिलाँग. पंचतारांकित हॉटेलच्या 'ट्रायबल थाळी'पेक्षा जादोह स्टॉलवर जा. पोलीस बाजारच्या गल्ल्यांत आणि इयुदुहच्या, म्हणजे बडा बाजारच्या परिसरात हे स्टॉल आहेत. बहुतेक बायकाच चालवतात. बाकडी, समोर पातेली, बोट दाखवून मागायचं. दुपारी बारा-एकला जा, तेव्हा सगळं ताजं असतं आणि गर्दीमुळे पातेली भराभर रिकामी होतात. संध्याकाळी उरलंसुरलं मिळतं. रविवार टाळा, त्या दिवशी बाजार बराचसा बंद असतो.

जादोह म्हणजे पोर्कबरोबर आणि त्याच्याच चरबीत शिजवलेला भात. हळद, आलं, कांदा, तमालपत्र एवढाच मसाला. काही ठिकाणी त्यात रक्त घालतात, तो भात गडद दिसतो. नको असेल तर आधी विचारा, सरळ सांगतात. जादोह घ्या आणि बाजूला दोहनेयोंगची एक वाटी. दिसायला ते राखाडी-काळं, फोटोत अजिबात न खुलणारं. पण काळ्या तिळाचा खमंग, किंचित कडसर स्वाद संक्रांतीपासून आपल्या ओळखीचा आहे, आणि तो कडसरपणाच इथे चरबीची तोड. मसाला जवळजवळ नाही, आंबट नाही, तिखट बेताचं. मटण खाणाऱ्या मराठी जिभेला याहून सोपा दरवाजा माझ्या माहितीत नाही.

दुसऱ्या दिवशी दोहख्लेह घ्या. डुकराच्या डोक्याचं मांस उकडून बारीक चिरतात आणि कच्चा कांदा, आलं, हिरवी मिरची घालून कालवतात. बऱ्याचदा मेंदूही असतो. ऐकून अंगावर काटा येतो हे मला मान्य आहे, पण भेजा खाणाऱ्या आपल्या लोकांना त्यात खरं तर नवं काही नाही. गालाचं मांस मऊ, कानाची कूर्चा कुरकुरीत, आणि वर कच्च्या कांद्याचा झटका. माझ्या मते खासी जेवणातला सर्वांत हुशारीने जमवलेला पदार्थ हाच. फक्त नुकता कालवलेला असेल तरच घ्या. हे का ते खाली जंतांच्या भागात येईल.

आणि शिलाँग सोडण्याआधी तुंगरिमबाई चमचाभर तरी चाखा. आंबवलेलं सोयाबीन, काळे तीळ, आलं आणि पोर्कचे तुकडे. इथे आंबवलेल्या सोयाबीनशी पहिली भेट तिळाच्या सोबतीने होते. कोहिमाची तयारी म्हणून याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. जेवणानंतर कोणी क्वाय, म्हणजे सुपारी-पान पुढे केलं तर तो पाहुणचार आहे. पण सुपारी ओली असते, सवय नसेल तर घाम फुटून गरगरतं. नम्रपणे नको म्हटलेलं चालतं.

कोहिमात तोड बदलते: धूर आणि आंबवण. चुलीवर बांधलेल्या मांडणीला मांसाचे लांब तुकडे टांगतात आणि रोजच्या स्वयंपाकाचा धूर त्यांना लागत राहतो. मांस सुकतं, टिकतं, चरबी घट्ट होते. मग ते पाण्यात शिजवतात आणि त्यात पडतं आखुनी, आनिशी किंवा आंबवलेला बांबूचा कोंब.

आखुनी ही खास सुमी नागांची. सोयाबीन उकडून पानांत किंवा टोपलीत, चुलीच्या उबेला काही दिवस ठेवतात. जिवाणू त्यातली प्रथिनं फोडतात आणि त्या क्रियेत थोडा अमोनिया सुटतो. तुम्हाला ज्याची धास्ती आहे तो वास हाच. सुकट-बोंबील भाजताना शेजारी खिडक्या लावून घेतात आणि आपण मात्र भाकरी घेऊन बसतो, तसंच हे आहे. वास नाकाला उग्र, जिभेवर मात्र खारट-मांसल गोडवा. सुमी माणसाला विचाराल तर तो लहानपणीचं घर आठवून सांगेल. दिल्लीत घरमालकांनी या वासावरून ईशान्येच्या मुलांना हिणवल्याच्या कहाण्या तिथे पुष्कळ ऐकू येतात, म्हणून ताट समोर आल्यावर नाकाला रुमाल लावू नका, तोंड वाकडं करून फोटो काढू नका. नाही आवडलं तर थोडं कमी वाढायला सांगा, कोणी रागावत नाही.

आनिशी आओ नागांची: अळूची पानं आंबवून, वाटून, वड्या थापून धुरावर सुकवतात. अळू आपल्याला परका नाही, पण इथे तो काळा, मातकट-खमंग होतो आणि धुरावलेल्या पोर्कमध्ये विरघळतो. मला स्वतःला आखुनीपेक्षा आनिशी जास्त आवडते, आणि बाहेरून येणारे तिच्याकडे इतकं दुर्लक्ष का करतात हे मला कळलेलं नाही. बांबूच्या कोंबाचं पोर्क आंबटसर असतं, तिन्हीतलं सर्वांत सोपं. म्हणजे कोहिमातला क्रम: बांबू, मग आनिशी, मग आखुनी.

नागा मिरचीबद्दल एकच सूचना. कोल्हापुरी ठेच्याच्या सवयीवर तिला जोखू नका. चटणी भाताच्या शिताला लागेल इतकीच घ्या. भाजलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, कारण तिखटाचं द्रव्य पाण्यात नाही, चरबीत विरघळतं. साधा भात आणि चरबीचा तुकडा खा, तोच उपाय.

१ ते १० डिसेंबरच्या दरम्यान गेलात तर किसामाला हॉर्नबिल महोत्सव असतो, कोहिमापासून साधारण १२ किलोमीटरवर. वेगवेगळ्या जमातींच्या मोरुंगांत, म्हणजे पारंपरिक सामूहिक घरांत, त्यांचं-त्यांचं जेवण एकाच आवारात मिळतं, त्यामुळे तुलना करायला ती जागा उत्तम. नागालँडसाठी इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांसाठीचा प्रवेश परवाना लागतो, तो आधीच ऑनलाइन काढा. मेघालयाला लागत नाही.

आता जंत. ही भीती खोटी नाही, पण आपण ती चुकीच्या जागी ठेवतो. पट्टकृमीच्या, म्हणजे टेपवर्मच्या अळ्या मांसात असतील आणि मांस अर्धकच्चं राहिलं असेल, तर आतड्यात पट्टकृमी होऊ शकतो. मेंदूत गाठी होऊन फिट्स येण्याचा आजार मात्र पोर्क खाऊन थेट होत नाही. तो होतो त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून येतात: न धुतलेले हात, घाण पाणी, कच्ची भाजी. शुद्ध शाकाहारी माणसालाही तो होतो तो असा. अखंड तुकड्याचं मांस आतपर्यंत ६३ अंश सेल्सियस तापून तीन मिनिटं तसंच राहिलं, आणि खिमा ७१ अंशांना पोचला, की पुरेसं मानतात. इथली बहुतेक पोर्क तासभर उकळत असते, म्हणून पातेल्यातल्या रश्श्याची काळजी सोडा. काळजी घ्या ती शिगेवर भाजलेल्या मांसाची: तुकडा मोडून बघा, मधे गुलाबी आणि मऊ-कच्चं दिसलं तर परत भाजायला द्या. धुरावलेलं मांस म्हणजे शिजलेलं मांस नव्हे, ते शिजवल्यावरच खायचं. आणि दोहख्लेह ताजं हवं ते त्यातल्या कच्च्या कांदा-मिरचीमुळे आणि ते हाताने कालवतात म्हणून. तुम्हीही जेवणाआधी साबणाने हात धुवा, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

कोणी रानडुकराचं मांस खास म्हणून देऊ केलं तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण त्याला आहे, आणि खाणाराही अडचणीत येतो.

यजमानांसाठी. ते चिकन-मासे खात असतील तर उपाशी राहणार नाहीत, काळ्या तिळातलं आणि बांबूतलं चिकन सहज मिळतं. पण जादोहचा भात, चटणी आणि भाज्या यांतही पोर्क किंवा त्याची चरबी असते, आणि स्टॉलवर वाढायचा डावही तोच. त्यांना तेही चालणार नसेल तर त्यांचं जेवण वेगळ्या ठिकाणी करा. आग्रह मुळीच करू नका. न खाण्यालाही मान असतो, आणि तिथले लोक तो ठेवतात.

परत येताना मांस आणू नका. २०२० पासून ईशान्येत आफ्रिकन स्वाइन फीव्हर अधूनमधून उद्भवतो. माणसाला त्याची बाधा होत नाही, पण डुकरं पटापट मरतात आणि मांसाच्या वाहतुकीवर बंदी येते. त्याऐवजी इयुदुहमधून काळे तीळ आणा. घरी अर्धा किलो कातडीसकट पोर्क घ्या. मुंबई-पुण्यात ख्रिस्ती वस्तीच्या बाजारात मिळतं. कांदा, आलं, लसूण थोड्या तेलात परता, हळद-मीठ घालून मांस त्यातच वाफवा, झाकणावर पाणी ठेवून. कातडीत नख रुतलं की चार-पाच चमचे तीळ भाजून, पाण्याबरोबर वाटून घाला आणि कडेने चरबी सुटेपर्यंत हलवत राहा. तीळ भाजताना गॅस बारीकच ठेवा. करपले तर सगळं पातेलं कडू होतं.